झाडांच्या सहवासात मन का निवतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

निसर्गातला वेळ आणि मनाचं स्वास्थ्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही वर्षातून एकदा आठवडाभर डोंगरात किंवा समुद्रकाठी जातो. तिथे झोप छान लागते, चिडचिड थांबते. परतल्यावर चार दिवसांत सगळं पूर्ववत. मग निसर्गाने मन सुधारतं हे खरं कसं मानायचं?

चार दिवसांत ओसरला म्हणून तो फायदा खोटा ठरत नाही. घोळ आहे तो वाटणीत. वर्षभराची झोप एका आठवड्यात घेऊन ठेवता येत नाही, तसंच हे. ताण रोज थोडा थोडा साचतो, त्यामुळे त्याचा उतारही थोडा थोडा आणि वारंवार हवा.

किती, याचा अंदाज देणारा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांची माहिती त्यात होती. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ बागेत, रानात, किनाऱ्यावर घालवणाऱ्यांपैकी अधिक जणांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं सांगितलं. २०० ते ३०० मिनिटांच्या पुढे मात्र फायदा वाढताना दिसला नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की, हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. धडधाकट माणसं मुळातच जास्त बाहेर पडतात, हे लक्षात ठेवायलाच हवं. म्हणून १२० हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा काटेकोर धरू नका, पण आठवडा आखायला तो चांगला आधार आहे.

आम्ही सुचवू ते असं : आठवड्यात तीनदा पंचवीस-तीस मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी एकदा पाऊण तास. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात ३६ शहरवासीयांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजलं होतं. बाहेर बसल्या-फिरल्यावर ते सर्वांत वेगाने उतरलं २० ते ३० मिनिटांच्या टप्प्यात. पुढेही उतरत राहिलं, पण सावकाश. म्हणजे अर्धा तासही पुरेसा कामाचा आहे. जागा मात्र रोजच्या वाटेवरची निवडा. लांबची, देखणी जागा सहसा पहिल्या उत्साहापुरतीच टिकते.

प्रश्न : मी रोज संध्याकाळी बागेत चाळीस मिनिटं चालतो. पण पाय चालतात आणि डोक्यात ऑफिसमधलं भांडणच चालू असतं. घरी येतो तो आणखी तापूनच. माझं काय चुकतंय?

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आहे, म्हणून जरा सविस्तर.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लक्षाचे दोन प्रकार सांगितले. एक, मुद्दाम लावलेलं. हिशेब तपासताना, गर्दीत गाडी चालवताना, न पटणारं बोलणं ऐकून घेताना ते लागतं. बाकीचं सगळं दाबून धरावं लागत असल्याने ते थकतं, आणि थकलं की माणूस चिडतो, चुका करतो, एकाच विचारात अडकून पडतो. दुसरं, आपोआप लागणारं. हलणारी पानं, पाण्यावरचे तरंग, सरकणारे ढग नजरेला धरून ठेवतात, पण जोर करून नाही. या वेळात पहिल्या प्रकारच्या लक्षाला विश्रांती मिळते. तुमच्या फेरीत ती मिळत नाही, कारण मुद्दाम लावलेलं लक्ष भांडणाला जुंपलेलंच आहे. बाग फक्त पायांखाली आहे.

तेच ते मनात घोळवत राहण्यावर निसर्गाचा परिणाम होतो, हे २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळ ३८ जणांपैकी काहींना गवताळ, झाडं असलेल्या भागात आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने प्रत्येकी ९० मिनिटं चालवलं. पहिल्या गटाचं विचार घोळवणं कमी झालं आणि त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या एका भागातली हालचालही मंदावली. रस्त्याकडेने चाललेल्यांत असा बदल दिसला नाही.

आता करायचं काय? व्यायामाचं चालणं आणि हे चालणं वेगळं करा. वर सांगितलेल्या कॉर्टिसॉलच्या अभ्यासात अटी होत्या : फोन नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही, दमछाक करणारा व्यायाम नाही. फोन नुसता मुका करून खिशात ठेवू नका, बंद करून पिशवीत तळाशी टाका. पावलं मोजू नका. वेग नेहमीच्या निम्म्यावर आणा. पहिली पाच-सात मिनिटं भांडण चालूच राहणार, ते गृहीत धरा. मग एका जागी थांबा किंवा बसा. आधी नजर लांब न्या : झाडांचे शेंडे, क्षितिज, दोनेक मिनिटं. मग अगदी जवळ आणा : खोडावरचा वीतभर तुकडा, त्यातल्या भेगा, मुंग्या, शेवाळ, तीन मिनिटं. मग कान. सर्वांत लांबचा आवाज कोणता, सर्वांत जवळचा कोणता. शेवटी त्वचा : वारा कोणत्या गालाला लागतोय. एवढं झालं की पुन्हा सावकाश चाला.

मधेच ऑफिस आलं तर ढकलू नका. ढकललेला विचार दुप्पट जोराने उसळतो. मनात 'ऑफिस' एवढा एकच शब्द म्हणा आणि पुन्हा आवाजाकडे या. दहादा आला तर दहादा. एक चूक हटकून होते : लोक दात-ओठ खाऊन 'एकाग्र' व्हायला बघतात आणि दर दोन मिनिटांनी तपासतात, शांत वाटलं का? तसं केलं की थकलेलं लक्षच पुन्हा कामाला लागतं. नजर भटकली तर भटकू द्या, फक्त बाहेर भटकू द्या. उद्या खरोखर काही करायचं असेल तर निघताना कागदावर एक ओळ लिहून टाका, म्हणजे ते डोक्यात धरून ठेवावं लागणार नाही. ऑफिसातल्या मित्रालाच फिरायला सोबत नेत असाल, तर तीन आठवडे तरी ते थांबवा.

काही लोकांना, विशेषतः जुना मोठा आघात सोसलेल्यांना, आवाज ऐकताना डोळे मिटले की बेचैनी वाढते. त्यांनी डोळे उघडेच ठेवावेत आणि नजर समोरच्या जमिनीवर टेकवावी.

जाण्यापूर्वी आणि आल्यावर डोक्यातल्या गोंगाटाला शून्य ते दहा गुण देऊन तारखेसह टिपून ठेवा. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. तीन आठवड्यांची सरासरी पाहा.

प्रश्न : सगळे म्हणतात निसर्गात जा. मला तिथे चक्क कंटाळा येतो. आवडतच नसेल तर उपयोग होईल का?

होऊ शकतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना ५०-५५ मिनिटं वृक्षउद्यानात किंवा शहराच्या गजबजलेल्या भागात चालायला लावलं आणि आकडे उलट्या क्रमाने सांगायची चाचणी घेतली. उद्यानातून आल्यावर गुण सुधारले. यातले काही जण कडाक्याच्या थंडीत चालले, त्यांना ते मुळीच सुखाचं वाटलं नाही, तरी त्यांचेही गुण सुधारले. मजा येणं आणि लक्षाला विश्रांती मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कंटाळा येण्याचं एक कारण असं की, सतत बदलणाऱ्या पडद्याची सवय झालेल्या मेंदूला पहिली दहा मिनिटं रिकामी वाटतात. ती जाऊ द्यावी लागतात. तरीही नुसतं बसवत नसेल तर हाताला काम द्या : चित्र काढा, पक्षी ओळखा, तण उपटा.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळून आहे. मी तिची देखभाल करते, त्यामुळे दोघींनाही बाहेर पडता येत नाही. घर वरच्या मजल्यावर आहे. आमच्यासाठी काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो खिडकीपासून सुरू होतो. रॉजर उल्रिक या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

आईचा पलंग असा फिरवा की उशीवर डोकं टेकलेलं असतानाच बाहेरचं दिसेल. मान वळवावी लागत असेल तर ती थकेल आणि पाहणं सोडून देईल. स्वतः उशीवर डोकं ठेवून बघा, उभ्याने अंदाज चुकतो. नुसतं आभाळच दिसत असेल तर खिडकीच्या चौकटीच्या खालच्या भागात कुंडी येऊ द्या, म्हणजे नजरेला काही हलणारं मिळेल. ऊन थेट डोळ्यांवर येत नाही ना, हे दिवसाच्या दोन-तीन वेळांना पाहा. सकाळी अर्धा तास खिडकी उघडी ठेवा. काचेतून दिसतं, पण वारा, वास, पाखरांचा आवाज येत नाही. पक्ष्यांसाठी उथळ पाणी ठेवणार असाल तर रोज बदला, नाहीतर डास होतील. बाहेर काहीच नसेल तर पावसाच्या किंवा पाखरांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण चालेल. परिणाम खऱ्यापेक्षा कमी असतो, पण असतो. दिवसभर मात्र लावून ठेवू नका, त्याचा गोंगाट होतो.

आणि तुमचं स्वतःचं. देखभाल करणाऱ्याचं लक्ष झोपेतही आईच्या हाकेकडे असतं. म्हणून तुम्हाला खिडकी पुरणार नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कोणाला तरी आईजवळ बसवून खाली उतरा. 'काही मदत हवी का' असं विचारणारे असतात. त्यांना नेमका वार आणि नेमकी वेळ सांगा.

प्रश्न : मन रमावं म्हणून घरात झाडं आणली. एकामागून एक मेली आणि आता जास्तच वाईट वाटतं. शिवाय हवा शुद्ध होते म्हणतात, ते खरं का?

घरातली झाडं बहुधा अतिप्रेमाने, म्हणजे जास्त पाण्याने मरतात. मुळांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजतात. मग झाड पाणी ओढू शकत नाही, कोमेजतं, आणि आपण आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नाही. कोरडं असेल तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. माती ओली असूनही पानं पिवळी पडून लोंबत असतील तर पाणी जास्त झालंय.

सुरुवात एकाच झाडाने करा. मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट कमी उजेडात तगतं आणि पाणी विसरलं तरी रागावत नाही. लहान मूल किंवा पाळीव प्राणी चावणार नाही अशा उंचीवर ठेवा, कारण ही पानं खाल्ली तर त्रास होतो. उदासीच्या काळात नाजूक फुलझाडं आणू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. झाड गेलं तर ते आपल्या नालायकीचं प्रमाणपत्र वाटू लागतं.

हवेचं म्हणाल तर तो समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरला. ते प्रयोग छोट्या, बंद पेट्यांमध्ये झाले होते. साध्या खोलीत बाहेरची हवा आत-बाहेर खेळल्याने होतो तेवढा परिणाम झाडांकडून हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असा हिशेब नंतर मांडला गेला. हवेसाठी खिडकी उघडा. झाड ठेवा ते बघण्यासाठी आणि हात मातीत घालण्यासाठी.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीचं अभ्यासात लक्ष टिकत नाही. मोकळ्या हवेत खेळायला पाठवून फरक पडेल का?

थोडा पडू शकतो. लक्ष टिकवण्यात अडचण असल्याचं निदान झालेल्या ७ ते १२ वयोगटातल्या १७ मुलांना २००९ च्या एका अभ्यासात वीस मिनिटं उद्यानात, बाजारपेठेच्या भागात आणि वस्तीत फिरवलं. उद्यानानंतर त्यांचं लक्ष अधिक टिकलं. संख्या लहान आहे, पण करून बघायला काहीच आड येत नाही. अभ्यासाला बसण्याआधी वीस मिनिटं बाहेर, शिकवणी न घेता. 'हे कोणतं झाड, सांग' असं विचारत राहिलात की बाहेरही शाळाच होते. शाळेत आणि घरी, दोन्हीकडे सहा महिन्यांहून अधिक काळ अडचण असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.

प्रश्न : बाग शांत आहे, पण एकटीने जायला भीती वाटते. अर्धं लक्ष मागून कोण येतंय याकडे.

मग ती जागा तुमच्यासाठी विश्रांतीची नाही, आणि यात तुमचा काही दोष नाही. सावध राहणं हेही लक्षाचं मोठं काम आहे. ते चालू असताना मन निवत नाही. दाट झाडीपेक्षा लांबवर दिसणारी मोकळी जागा निवडा, पाठीशी भिंत किंवा रुंद खोड असेल अशी. लोकांची ये-जा असलेली वेळ घ्या, जरी त्याने थोडी शांतता गेली तरी. सोबत कोणी असेल तर पहिली वीस मिनिटं बोलायचं नाही असं आधीच ठरवा. फोन बंद ठेवण्याचा वरचा सल्ला तुम्हाला लागू नाही. तो चालू ठेवा, फक्त सूचना बंद करा आणि कुठे आहात ते घरी कळवा.

प्रश्न : नैराश्यासाठी आठ महिने गोळ्या चालू आहेत. आता बरं वाटतं. रोज सकाळी टेकडीवर जायला लागलो तर गोळ्या बंद करता येतील का?

स्वतःहून नाही. टेकडीवर जरूर जा, पण गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला. बरं वाटू लागल्यानंतरही औषध साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवतात, कारण लवकर थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. तुमच्या आठ महिन्यांपैकी बरं वाटतंय त्याला किती झाले, हे डॉक्टरांना सांगा. एकदम बंद केल्यास चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, झोपमोड, चिडचिड असे त्रास होऊ शकतात. कमी करायचीच तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात.

फिरायला जाणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही अशी गोष्ट : मनोविकारांवरची काही औषधं आणि ऊन यांचं जमत नाही. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी घामाने कमी झालं तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. काही औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं, काहींनी घाम वाढतो, क्लोरप्रोमझिनसारख्या औषधाने त्वचा उन्हात लवकर भाजते. आपल्या गोळीचं नाव दाखवून 'उन्हात फिरू का?' एवढं विचारून घ्या. पाणी सोबत ठेवा, भर दुपार टाळा.

नैराश्य अजून अंगात असलेल्यांसाठी : उत्साह आला की जाईन, असं ठरवलं तर जाणं होत नाही. या आजारात आधी कृती होते आणि उत्साह मागून येतो. म्हणून उद्दिष्ट हास्यास्पद वाटेल इतकं लहान ठेवा. पहिले तीन दिवस फक्त चप्पल घालून दाराबाहेर पाच मिनिटं. मग कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत. अनेकांना सकाळ सर्वांत जड जाते; तसं असेल तर सकाळचा हट्ट सोडा, दुपारनंतर जा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तेवढंच, दुप्पट नाही. घरच्यांनी 'चल की, बरं वाटेल' म्हणण्यापेक्षा स्वतः चप्पल घालून दाराशी उभं राहावं.

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतांश वेळ उदास वाटत असेल किंवा कशातच रस वाटत नसेल तर फिरण्याच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी तातडीची मदत घ्या आणि त्या दिवशी एकट्याने टेकडीवर, नदीकाठी जाऊ नका. घरच्या कोणाजवळ बसा.

प्रश्न : माझी रात्रपाळी असते. सकाळच्या कोवळ्या उन्हाचे फायदे सगळीकडे वाचतो. मी कधी जाऊ?

तुमच्यासाठी सकाळ चुकीची. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो, तर बाहेर सावलीतही बरेचदा दहा हजारांच्या घरात. एवढा उजेड डोळ्यांत गेला की मेंदू दिवस उजाडल्याचं धरून चालतो. रात्रपाळी करणाऱ्याला पाळीनंतर झोपायचं असताना हेच नको असतं. पाळी संपल्यावर गॉगल लावून थेट घरी जा, मात्र स्वतः वाहन चालवत असाल आणि डोळे जड झाले असतील तर गॉगल नको. खोली अंधारी करून झोपा. उठल्यावर, दुपारी उशिरा का होईना, अंधार पडण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढा. सुट्टीच्या दिवशी ही वेळ एकदम सकाळवर नेऊ नका, झोपेचं गणित पुन्हा विस्कटतं. जमत असेल तर दोन-तीन तासांनीच अलीकडे आणा.